कपिले, जवायाले सांग

अख्ख्या चांदा जिल्ह्यात असा एकही जाणता माणूस उरला नसेल, की ज्याची खालची पापणी माझ्या साडूंनी अंगठ्यानं ओढून पाहिली नव्हती. यात मी थोडं वाढवून सांगतो आहे हे कबूल आहे, पण फार नाही. तहसीलदार, जंगलखात्याचे रेंजर, मार्कंड्याचे पुजारी, वैनगंगेवरचे नावाडी, बाजारात बांगड्या भरणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी सावलीतून उन्हात ओढलं होतं आणि ‘वर पाहा, वर, आभाळात घार फिरून राह्यली असं समजा’ म्हणत डोळ्यातला पांढरा भाग निरखला होता. अपवाद एकच होता आणि तो त्यांच्या घरातला होता. त्याची गोष्ट मला सांगावीच लागेल, कारण ती गाळून त्यांच्याविषयी लिहिलं तर मला बरेच दिवस चैन पडायचं नाही. मी माणूसच तसा आहे. वर्गात पोरगा नापास झाला तर वाटतं मीच नापास झालो, सर्व्हिस मोटार पंक्चर झाली तर वाटतं आपल्याच वजनानं झाली. तेव्हा लग्नामुंजीत या गृहस्थाच्या नकला करून मी पाहुण्यांना पुष्कळ हसवलं आहे, हेही आधीच सांगून मोकळा होतो.

नात्यानं ते माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडं साडूला साडभाऊ म्हणतात आणि त्या हाकेत एकाच गाड्याला जुंपलेल्या दोन बैलांची ओळख असते. मी वरोऱ्याला शाळामास्तर, ते सरकारी डॉक्टर. सरकारनं कोणत्या लहरीत त्यांची बदली केली कोण जाणे, पण ते नेमके स्वतःच्या सासुरवाडीला येऊन पडले. वैनगंगेच्या पलीकडं, मार्कंड्यापासून बैलगाडीच्या वाटेवर, धानाच्या बांध्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, मधोमध वसलेलं ते गाव. दोन खोल्यांचा दवाखाना, समोर मोहाचं झाड, मागं क्वार्टर. जावई सासुरवाडीला सणापुरता देव असतो, आणि सण संपला की देवानं आपल्या गावी निघून जायचं असतं. हे तिथंच राहिले. रोज रस्त्यानं जाताना दिसू लागले, बाजारात वांगी घेऊ लागले, त्यामुळं देवपण केव्हाच गेलं. पण जावयाचा म्हणून जो मान ठेवायचा असतो, पदर ओढायचा, दाराआड व्हायचं, तो मात्र सासूबाईंनी एक दिवसही सोडला नाही.

साडूंचं सगळं प्रेम एका अवयवावर होतं. स्वादुपिंड. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते मार्कंड्याच्या जत्रेत मिळणारं काहीतरी खाणं वाटलं होतं. ‘साडभाऊ,’ ते म्हणत, ‘लोक हृदयावर गाणी म्हणतात, यकृताच्या नावानं बाटल्या विकतात. आणि हे बिचारं जठराच्या मागं, पंगतीत खांबाआड बसलेल्या पाहुण्यासारखं. वाढणाऱ्याचं लक्षच नाही जात त्याच्याकडं. त्याच्यात गाठ झाली तरी ते कुरकुरत नाही. हाताला लागत नाही, क्ष-किरणात दिसत नाही. मग एक दिवस माणूस पिवळा पडतो, तेव्हा आपल्याले समजते की पाहुणा उपाशीच उठून गेला.’ नागपूरला शिकत असताना त्यांच्या गुरुजींनी एका पिवळ्या पडलेल्या शेतकऱ्याचं पोट उघडलं होतं. हे बाजूला उभे. गुरुजींनी आत पाहिलं, ‘उशीर झाला’ म्हणाले आणि टाके घातले. ते दोन शब्द साडूंच्या कानात अडकून बसले ते बसलेच. पुढं त्यांनी स्वतः असे जे जे रोगी नागपूरला धाडले त्या प्रत्येकाबरोबर तेच दोन शब्द परत आले. त्यांची मागणी काही मोठी नव्हती. ‘मले शंभर नाही पाहिजे, साडभाऊ. एक. एकदा तरी सर्जननं पोट उघडून म्हणावं, डॉक्टर, वेळेवर आणलंत.’ एवढ्यासाठी हा माणूस झाडीपट्टीत बसून संशोधन करत होता. सामग्री म्हणजे दोन अंगठे, ऊन, काचेच्या काही बाटल्या आणि निळ्या पाण्याचं एक औषध.

बाटल्यांविषयी सांगायला हवं. सकाळी दवाखान्याच्या खिडकीत गावकऱ्यांची लघवी ओळीनं मांडलेली असे आणि साडू एकेक बाटली उन्हात धरून खळखळा हलवत. फेस पांढरा आला तर रोगी खूष, पिवळा आला तर डॉक्टर खूष, असा तो मामला होता. खूष हा शब्द बरोबर नाही, पण त्यांचा चेहरा तसा होई खरा. मग त्यातलं थोडं निळ्या पाण्यात घालून उकळायचं. साखर असली की ते विटेसारखं लाल होई. उतारवयात माणसाच्या लघवीत एकाएकी साखर दिसली आणि त्याबरोबर तो वाळतही चालला, तर त्याच्या स्वादुपिंडात काहीतरी शिजतं आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. गावच्या कोतवालाचं पाणी एकदा लाल झालं. झालं, ‘कोतवाल गोड निघाला’ म्हणून बायकाही पदराआड हसू लागल्या. तो बिचारा पाच जन्मांत कोणाशी गोड बोलला नव्हता. साडूंनी त्याचं वजन धान्याच्या काट्यावर दर बाजाराला केलं. तो प्रत्येक खेपेला आधीपेक्षा जास्तच भरला, आणि साडू प्रत्येक खेपेला आधीपेक्षा उदास होत गेले.

जेवायला बसलं की त्यांना विज्ञान सुचे. पानात लाखोरीच्या डाळीचं पिवळंधमक वरण पडलेलं असे, मी पहिला घास उचललेला असे आणि ते विचारत, ‘साडभाऊ, सकाळी रंग कसा होता?’

‘कशाचा?’

‘शौचाचा. पांढऱ्या मातीसारखा तर नव्हता? पित्ताची वाट बंद झाली की रंग जातो. स्वादुपिंडातली गाठ पहिल्यांदा तीच वाट दाबते.’

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. पण मला कोणी प्रश्न विचारला की उत्तर न देणं हा गुन्हा वाटतो, म्हणून मी खालमानेनं सविस्तर माहिती देत असे. माझी बायको ताट बाजूला सारी. ताई, म्हणजे साडूंच्या मंडळी, तव्यावरची भाकरी उलटत म्हणत, ‘तुमी काऊन सांगता जी मास्तर? तुमी सांगता म्हून ते इचारतात. एक दिवस खोटं सांगून पाहा, दाताखाली खडा आल्यावानी गप बसतात का नाई ते.’ मी एकदा खोटं सांगून पाहिलं. साडूंनी मला तीन दिवस ठेवून घेतलं.

लग्नसमारंभात तर त्यांना नेणं म्हणजे धोकाच. एका हळदीला आम्ही मिळून गेलो होतो. नवरदेव पाटावर बसलेला, बाया हळद लावताहेत, सगळ्यांची तोंडं, हात, लुगडी पिवळी. साडू अस्वस्थ होऊन माझ्या कानात म्हणाले, ‘आज अख्खा मांडव संशयित आहे.’ तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी सरळ जाऊन नवरदेवाची पापणी ओढली. मुलीच्या बापानं ते पाहिलं आणि त्याला वाटलं की जावयात काही खोट आहे म्हणून डॉक्टर बोलावला आहे. नवरदेवाच्या बापाला वाटलं की मुलीकडच्यांनी डॉक्टर लावून आपला पोरगा तपासून घेतला. दोन्ही बाजू एकमेकांवर धावल्या. त्या गोंधळात साडू मधोमध उभे राहून ‘डोळे पांढरेशुभ्र आहेत, लग्न लावा!’ असं ओरडत होते.

त्यांनी आपल्या निरीक्षणांवर एक निबंधही लिहून नागपूरच्या डॉक्टरमंडळींच्या संमेलनाला पाठवला होता. तिकडून सभ्यपणे विचारणा झाली की यातले सिद्ध झालेले रोगी किती. खरं तर एकही नाही. नागपूरला गेलेल्यांची पोटं उघडून तशीच मिटली होती, गाठीचा तुकडा काढून कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला नव्हता. बाकीचे इथंच गेले, आणि गेलेल्या माणसाचं पोट चिरून पाहू द्या म्हणायला साडू ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरून काठी घेऊनच लोक बाहेर आले. ‘संशोधन पळत करावं लागते इथं,’ ते म्हणत.

पण खरी अडचण वेगळी होती. त्यांच्याकडं खोकला येई, खरूज येई, अस्वलानं ओरबाडलेले येत. कावीळ मात्र येतच नसे. जिल्ह्याच्या त्या भागातली सगळीच्या सगळी कावीळ जाई भागरताबाईकडं. ही बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राही आणि काविळीची माळ घालत असे. कसल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून केलेलं ते लहानसं कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. दिवसागणिक ते वाढत वाढत कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर आणि शेवटी कमरेखाली उतरायचं. माळ उतरली की कावीळ उतरली. साडू म्हणत, ‘काड्या सुकतात, दोरा सैल होतो. माळ सगळ्यांचीच उतरते, खांबाले घातली तर खांबाचीही उतरेल. आणि साधी कावीळ तेवढ्या दिवसांत आपोआप बरी होते.’ हे बोलता बोलता एक दिवस ते थबकले. साधी कावीळ तेवढ्या दिवसांत बरी होते. म्हणजे ज्याची माळ उतरली आणि पिवळेपणा तसाच राहिला, त्याची कावीळ साधी नाही. पित्ताची वाट कशानं तरी अडली आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जे निवडायला महिना लागतो ते ही बाई नकळत रोज निवडत होती. तिची माळ ही चाळणी होती आणि चाळणीवर जे उरत होतं तेच साडूंना हवं होतं.

ते त्याच पावली नारळ घेऊन भागरताबाईकडं गेले. मी बरोबर होतो.

‘बाई,’ साडू म्हणाले, ‘मी तुझ्या माळेच्या आड नाही येत. तू खुशाल घाल. फक्त ज्याची माळ उतरली आणि पिवळेपणा नाही उतरला, तो माणूस माझ्याकडं धाड.’

भागरताबाईनं नारळ उलटासुलटा करून पाहिला, कानाशी हलवला आणि खाली ठेवला. ‘असा माणूस अजून जन्माले याचा हाय, डाक्टरभाऊ.’

‘एखादा तरी असेल.’

‘नाई. माझी माळ उतरली म्हंजे कावीळ उतरली. तुमचा नारळ घेऊन जा, पाणी कमी हाय त्याच्यात.’

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी साडू तिच्या पालासमोर उभे राहत आणि फक्त एवढंच विचारत, ‘बाई, कोणी?’ ती काड्या मोडता मोडता मान न वर करता म्हणे, ‘नाई.’ गावकऱ्यांना त्याची इतकी सवय झाली की साडू थांबले की आजूबाजूचे भाजीवालेही ‘नाई’ म्हणून घेत. एकदा मात्र तिनं सगळ्या बाजारासमोर त्यांना हाक मारली, ‘या डाक्टरभाऊ, सापडला तुमचा माणूस! माळ उतरली याची, पन पिवळेपणा काई केल्या जात नाई.’ साडू छत्री टाकून धावले. पुढं केला होता तो दंडारीची सोंगं नाचवणाऱ्या नाटकमंडळीतला एक गडी, तोंडाला पिवळा रंग फासलेला. सारा बाजार हसत होता. मीही हसलो. साडूंनी शांतपणे त्याला उन्हात वळवलं, पापणी ओढली, दोन्ही डोळे नीट पाहिले. ‘डोळे स्वच्छ आहेत, बापा,’ ते म्हणाले, ‘पण हा रंग अंगाले चांगला नाही, जाऊन तोंड धू.’ आणि भागरताबाईला म्हणाले, ‘धाडलंस हे बरं केलंस. असंच धाडत जा.’ तिचं हसू जरा ओशाळलं, असं मला वाटलं.

नागपूरची राजधानी गेली त्या सुमाराची गोष्ट. साडूंना एकदाचा मनासारखा रोगी मिळाला. रहीमचाचा म्हणून एक म्हातारे शिंपी होते. न दुखता पिवळे झालेले, अंग वाळलेलं, आणि पोटात उजवीकडं बरगडीखाली पित्ताची पिशवी हाताला लागते असं साडूंचं मत. ‘दुखत नाही आणि पिशवी लागते, म्हणजे खडा नाही. खडा असता तर पिशवी आकसली असती,’ ते मला समजावत. ते स्वतः चाचांना घेऊन नागपूरला गेले. नावेनं नदी, मोटारीनं मूल गाव, पुढं नागपूरची छोटी रेल्वेगाडी. चाचा वाटभर अल्लाची करुणा भाकत होते आणि साडू वाटभर त्यांचे डोळे पाहत होते. चार दिवसांनी परत आले तेव्हा मी विचारलं, ‘काय निघालं?’ साडू मोहाच्या झाडाखाली बसले. ‘खडा,’ ते अशा आवाजात म्हणाले की जणू चाचांनी त्यांचा विश्वासघात केला होता. ‘पिशवी म्हणून मी यकृताची कडा चाचपून राह्यलो होतो.’ चाचा ठणठणीत बरे झाले आणि दर ईदला शीरखुर्म्याचं भांडं साडूंकडं येऊ लागलं. ते तो शीरखुर्मा मोठ्या उदासपणे, पण सगळा, खात.

आता तो अपवाद. सासूबाई विधवा, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, घरची धानाची शेती एकट्या पाहत. गड्यांना हाक मारली की दोन बांध्यांपलीकडं ऐकू जाई. पण जावई अंगणात आला की त्या दाराआड. आम्हा दोघांनीही त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पदराचं टोक, चांदीच्या पाटल्यांचा हात आणि आवाज, एवढ्याच सासूबाई आमच्या वाट्याला आल्या होत्या. त्यातही त्या जावयाशी सरळ बोलत नसत. घरात तिसरं माणूस असलं तर त्याच्यामार्फत, आणि नसलं तर अंगणात बांधलेल्या कपिला गाईमार्फत. ‘कपिले, जवायाले सांग, ताक ठेवलं हाय.’ ‘कपिले, धाकट्या जवायाले इचार, वरोऱ्याले पाऊस पडला का?’ कपिला रवंथ करत असे. मी संकोचानं कपिलेकडं पाहूनच ‘पडला’ म्हणे. साडू मात्र एवढे संशोधक, गावभर पापण्या ओढणारे, त्यांनी त्या दाराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. ‘साऱ्या तालुक्यात एवढाच एक डोळा राह्यला,’ ते गमतीनं म्हणत.

त्या साली शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेसाठी आम्ही गेलो होतो. दुपारची वेळ. दवाखान्याच्या ओसरीवर साडूंनी मला सूर्याकडं वळवलं होतं आणि माझी डावी पापणी त्यांच्या अंगठ्याखाली होती. त्याच वेळी भागरताबाई पायरीपाशी येऊन उभी राहिली. ती दवाखान्यात आलेली मी प्रथमच पाहत होतो. साडूंनी पापणी न सोडता सवयीनं विचारलं, ‘बाई, कोणी?’

ती म्हणाली, ‘हाय.’

अंगठा सुटला.

‘माळ कमरेखाली गेली,’ ती पायरीकडं पाहत म्हणाली, ‘मी दुसरी घातली. तेही उतरली. पिवळेपणा हाये तसाच हाय. मावशीनं शपथ घातली होती, जवायाले कळू देजो नोको म्हून. मी का त्याहीच्यापुढं डोक्शावरचा पदर काढू, म्हने.’

‘कोण मावशी?’ साडूंनी विचारलं, पण त्यांना ते कळलेलं होतं.

‘कपिलेवाली.’

‘केव्हापासून?’

‘संक्रांत झाल्यापासून.’

‘दुखते?’

‘नाई जी. तेच तर. दुखत नाई. निस्ती खाज. अंग ओरबाडून काढलं तिनं.’ आणि मग एकदम चिडून म्हणाली, ‘आता खूष झाले ना? माझी माळ हारली. सांगा बाजारात!’

साडूंनी तिच्यापुढं हात जोडले आणि तसेच अनवाणी निघाले.

सासूबाईंच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दार अर्धं लोटलेलं होतं. ताई आणि माझी बायको आत होत्या, आईच्या शपथेनं दोघी गप्प बसलेल्या, रडून लाल झालेल्या. दाराआडून आवाज आला, पण तो दोन बांध्यांपलीकडं जाणारा आवाज नव्हता.

‘कपिले, जवायाले सांग, दवाखाना सोडून याची गरज नोयती.’

साडू गाईजवळ गेले. तिच्या गळ्याखाली हात घातला. मला वाटलं आता हे उंबरठा ओलांडतात. पण ते कपिलेलाच म्हणाले, ‘कपिले, सासूबाईंना विचार, लघवी कशा रंगाची होते?’

आत पाटल्या वाजल्या आणि थांबल्या.

‘कपिले, सांग त्याहीले, काळ्या चायवानी.’

‘कपिले, विचार, भूक लागते का?’

‘नाई लागत म्हना. लुगडं घसरते कमरेवरून.’

‘कपिले,’ साडू म्हणाले, ‘एक आणखी विचार. शौचाचा रंग...’

जेवणाच्या पानावर मला बेधडक विचारणारा हा माणूस, त्याला ते वाक्य पुरं करता येईना. कपिला रवंथ करत राहिली. मग दाराआडून अगदी हळू उत्तर आलं.

‘कपिले, जवायाले सांग, पांढऱ्या मातीवानी.’

साडूंनी डोळे मिटले. पोटही त्यांनी स्वतः तपासलं नाही. ताईंना दाराआडून शिकवलं. बरगडीखाली हात ठेव, आईला श्वास घ्यायला सांग, आता बोटं आत. ‘काही लागते?’ ताई म्हणाल्या, ‘गोल लागते जी, अंड्यावानी. आई म्हनते दुखत नाई.’ या खेपेला ती यकृताची कडा नव्हती. मग दार उघडलं. सासूबाई उंबरठा ओलांडून स्वतःच उन्हात आल्या आणि त्यांनी पदर मागं टाकला. मी खाली पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही. डोळे हळदीत भिजवल्यासारखे झाले होते.

‘पाहा,’ त्या कपिलेकडं न पाहता म्हणाल्या, ‘पाहा जी, का पाहाचं हाय ते.’

साऱ्या जिल्ह्याच्या पापण्या ओढणाऱ्या त्या अंगठ्यानं साडूंनी सासूबाईंची पापणी हलकेच खाली ओढली. पाहायला तसं काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडी निघाली. नदी, मूल, छोटी गाडी. मीही गेलो होतो. नागपूरला सर्जननं पोट उघडलं. बाहेर येऊन त्यांनी तेच दोन शब्द सांगितले. गाठ काढता येण्यासारखी राहिली नव्हती, पण पित्ताला वळसा घालून आतड्याकडं दुसरी वाट करून दिली होती. पिवळेपणा जाईल, खाज जाईल. गाठीचा तुकडा तपासायला घेतला होता. रोग तोच निघाला. साडूंनी विचारलं, ‘केवढी होती?’ सर्जननं बोटांनी लिंबाएवढी दाखवली. मग आम्ही दोघं दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली बाकावर बसलो.

‘बोराएवढी असताना सापडायला पाहिजे होती, साडभाऊ.’

‘पण तेव्हा काय दिसलं असतं?’

‘काहीच नाही. ना पिवळेपणा, ना खाज, ना काही. तेच तर.’ ते आपल्या अंगठ्याकडं पाहत राहिले.

मला काहीतरी बरं बोलायचं होतं, म्हणून मी म्हणालो, ‘तुमच्या निबंधाला आता एक सिद्ध झालेला रोगी मिळाला.’ बोललो आणि जीभ चावली. साडू रागावले नाहीत. ‘रोग्याचं नाव काय लिहू? कपिला?’ एवढंच म्हणाले. तो निबंध त्यांनी पुन्हा पाठवला नाही.

सासूबाई गावी परतल्या त्या पांढऱ्या डोळ्यांनी. खाज गेली, थोडी भूकही आली. भागरताबाईनं बाजारभर सांगितलं की दुसरी माळ जरा उशिरा लागू पडली. कोणी साडूंना विचारलं तर तेही म्हणत, ‘हो बापा, माळ उतरली.’ सासूबाईंना मात्र किती आयुष्य उरलं ते कोणी न सांगता कळलं असावं, कारण त्यांनी रीत सोडली. रोज सकाळी जावई येई, त्या अंगणात येत, पदर मागं टाकून सूर्याकडं तोंड करत आणि म्हणत, ‘पाहा.’ साडू पाहत. ‘स्वच्छ आहेत, आई.’ मग दोघं कपिलेपाशी बसून धानाच्या भावावर वाद घालत. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं त्यांनी त्या एका पावसाळ्यात बोलून घेतलं. रोवणी त्यांनी बांधावर बसून करवून घेतली. धान घरी आलेलंही पाहिलं. पुढची शिवरात्र मात्र त्यांना दिसली नाही.

कपिला साडूंच्या क्वार्टरमागं आली. भागरताबाई अजूनही मान वर न करता काड्या मोडते, पण कधीमधी बाजाराच्या दिवशी ‘बाई, कोणी?’ या प्रश्नाला तिच्याकडून ‘हाय’ असं उत्तर येतं. ती ज्यांना पूर्वी लपवत असे त्यांना धाडते, दुसरी माळ घालायची वाट न पाहता. तरी सर्जनचे दोन शब्द तेच राहिले आहेत.

मागल्या दिवाळीत मी गेलो होतो. सकाळी लवकर जाग आली. चूळ भरायला मागच्या दारी गेलो तर साडू गाईपाशी उभे, पाठमोरे, तिच्या गळ्याखाली हात घालून. आदल्याच दिवशी ते नागपूरहून परतले होते. मी त्यांना हाक मारणार होतो, तेवढ्यात ते बोलू लागले.

‘कपिले, आईले सांग, भागरतेनं माणूस धाडला होता. घेऊन गेलो. सर्जन म्हणाला, थोडाच उशीर झाला.’ थोडं थांबून त्यांनी तिच्या मानेवर थोपटलं. ‘थोडाच, म्हणाला.’

मी बाहेर गेलो नाही. दाराआडच उभा राहिलो.